कयाकच्या बुडाला पोचा आलाय, आता ठेवू कशी?

प्रश्न: माझी प्लास्टिकची कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद बोट) आहे, साधारण ४ मीटर. सीझन संपल्यावर गॅरेजच्या भिंतीला दोन ब्रॅकेट ठोकून त्यावर सरळ ठेवली आणि पडायला नको म्हणून पट्टे चांगले करकचून आवळले. चार महिन्यांनी काढली तर सीटखालचं बूड आत गेलंय, हात फिरवला की लाटेसारखं लागतं. बोट गेली का कामातून?

उत्तर: नाही हो, कामातून वगैरे काही गेली नाही. पण ते ब्रॅकेट आणि ते आवळणं, दोन्ही नडलं तुम्हाला, आणि खरं सांगायचं तर आवळणं जास्त. बहुतेक प्लास्टिक कयाक पॉलिथिलीनच्या असतात, आणि हे प्लास्टिक एकदम तुटत नाही पण एकाच जागी महिनोन्‌महिने दाब राहिला की हळूहळू बसत जातं, त्यात गॅरेज तापत असेल तर विचारूच नका.

आधी पोचा काढू. बोट पालथी करून बूड उन्हाला दाखवा, तास-दोन तासांत बरेचसे पोचे आपोआप वर येतात. नाहीच आला तर गरम पाणी ओता किंवा हेअर ड्रायर फिरवत राहा, एका जागी धरून ठेवू नका, आणि प्लास्टिक नरम लागलं की आतून तळहाताने ढकलून तसंच दाबून धरा आणि बाहेरून थंड ओलं फडकं लावा. पूर्ण गार होईपर्यंत हात काढायचा नाही, इथेच सगळे घाई करतात आणि पोचा परत येतो. ज्योत किंवा हीट गन मात्र लांबच ठेवा. थोडी लाट राहिली तरी पाण्यात फारसं जाणवत नाही.

आता ठेवायचं. सपाट बूड म्हणजे बोटीचा सगळ्यात हळवा भाग, कडा भक्कम. म्हणून कुशीवर ठेवा, नाहीतर पालथी. आधार दोन, रुंद आणि फोम लावलेले, दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबी आत, आणि आत बल्कहेड म्हणजे आडवी भिंत असेल तर बरोबर तिच्याखाली. टांगायची असेल तर निवारीसारख्या रुंद पट्ट्यांच्या दोन झोळ्या करा. हँडलला दोरी बांधून टांगू नका, ती उचलण्यापुरती असतात, महिनोन्‌महिने लटकवलं तर मधे पोक येतं. पट्टा फक्त बोट हलू नये इतपत.

फायबरग्लासवाल्यांसाठी एवढंच, ती अशी बसत नाही पण टोकदार आधारावर जेलकोटला, म्हणजे बाहेरच्या चकचकीत थराला, तडे जातात, ओली ठेवली तर फोडही येऊ शकतात.

ऊन दोघींचंही वैरी. पोचा काढायला तास-दोन तास ठीक, पण रोज उन्हात पडली तर रंग उडतो आणि प्लास्टिक ठिसूळ होतं. बाहेरच ठेवायची असेल तर ताडपत्री अंगाला चिकटवून गुंडाळू नका, आत उकाडा आणि ओल कोंडते, छपरासारखी वर ताणा म्हणजे खालून वारा खेळेल.

आणि हो, ठेवण्याआधी गोड्या पाण्याने धुवून कोरडी करा, हॅचची, म्हणजे सामानाच्या कप्प्यांची, झाकणं किंचित उघडी ठेवा, तापल्यावर आतली हवा फुगते तिला वाट हवी. मी एकदा झाकणं गच्च लावून ठेवली होती आणि आत ओले मोजे राहिले होते. दोन महिन्यांनी उघडली तेव्हा घरातले सगळे अंगणात पळाले. उंदरांना आत घुसू द्यायचं नसेल तर फटीला जाळी लावा, मोज्यांचं मात्र तुमचं तुम्ही बघा.