अत्याचार करणाऱ्या बापाचाच जीव घेणाऱ्या अल्पवयीन मुलाला शिक्षेत सवलत मिळावी का?

तुमच्या प्रश्नातला ‘सवलत’ हा शब्द खटकला, म्हणून लिहायला बसलो. सवलत एसटीच्या तिकिटावर मिळते. ज्या मुलाने आठ-दहा वर्षे मार खाल्ला आणि त्या काळात ज्याच्या मदतीला एकही मोठा माणूस आला नाही, त्याच्या बाबतीत न्यायालयाने तो मार हिशेबात धरणे ही मेहरबानी नव्हे. पुरावा पूर्ण वाचणे एवढाच त्याचा अर्थ आहे. मी परिविक्षा अधिकारी होतो, म्हणजे आरोपी मुलाच्या घरची-शाळेची चौकशी करणारा सरकारी माणूस. अल्पवयीन आरोपींची प्रकरणे पाहणाऱ्या बाल न्याय मंडळासाठी त्या चौकशीचे, म्हणजे सामाजिक तपासणीचे, अहवाल लिहिण्यात माझी बरीच नोकरी गेली, आणि त्यांतला एक अहवाल मी पूर्ण लिहूनही अर्धाच सादर केला.

2017 सालची गोष्ट आहे. मुलाचे आणि गावाचे नाव सांगणार नाही. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम 74 ते सांगू देत नाही, आणि दिले असते तरी मी सांगितले नसते. मुलगा 16 वर्षे 8 महिन्यांचा होता. बाप ओटीवर झोपलेला असताना त्याने पहारीने घाव घातला. फिर्याद चुलत्याची, गुन्हा खुनाच्या कलम 302 खाली. ‘झोपलेल्या बापाला मारले’ हे एकच वाक्य गावभर फिरत होते आणि त्यापुढे कोणालाही काही विचारावेसे वाटत नव्हते.

मला अहवालासाठी पंधरा दिवस होते. मुलाची आई पहिल्या दोन भेटींत काहीच बोलली नाही. तिसऱ्या भेटीत, मी उठता उठता, ती म्हणाली, “साहेब, त्यानं मारलं नसतं तर पुढच्या बाजारापर्यंत मी राहिले नसते.” बाजार रविवारी भरत असे आणि बाप तिथूनच पिऊन येत असे. ते वाक्य डोक्यात ठेवून मी शाळेत गेलो आणि दोन वर्षांचे हजेरीपट काढून घेतले. मुलाची बहुतेक गैरहजेरी सोमवारची होती. वर्गशिक्षक म्हणाले, “आम्हाला वाटलं, शेतावर जात असेल.” प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन केसपेपर सापडले, दोन्ही वेळा डावे मनगट मोडलेले, दोन्ही वेळा कारण ‘पडून’ असे लिहिलेले. हे सगळे मी तारखांसह एका परिच्छेदात मांडले. अहवाल वरिष्ठांकडे गेला तेव्हा त्यांनी त्या परिच्छेदावर हिरव्या शाईने तिरकी रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘अनुमान. वस्तुस्थिती लिहावी.’ तोंडी म्हणाले, “उद्या प्रत्येक पोरगा मेलेल्या बापावर ढकलून मोकळा होईल.” मेलेला माणूस बाजू मांडू शकत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे होते, पण हजेरीपट काही मुलाने लिहिलेला नव्हता. मी वाद घातला, दोन दिवस रखडलो, आणि शेवटी परिच्छेद काढला. त्याच्या जागी ‘कौटुंबिक वातावरण तणावपूर्ण होते’ एवढे एक वाक्य राहिले.

त्याचा परिणाम काय झाला ते पाहा. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षेच्या, गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा का हे ठरवण्यासाठी मंडळ कलम 15 प्रमाणे प्राथमिक मूल्यांकन करते. त्यात मुलाची शारीरिक व मानसिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, या बाबी तपासायच्या असतात. मुलगा हुशार होता, दहावीला चांगले गुण होते, म्हणजे त्याला परिणाम कळत होते. परिस्थितीबद्दल मंडळापुढे माझे ते एक गुळमुळीत वाक्य होते. प्रौढ म्हणून खटला चालवावा म्हणून प्रकरण बाल न्यायालयाकडे गेले. तिथे विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकीलबाईंनी स्वतःहून हजेरीपट मागवला, वर्गशिक्षकांना साक्षीला बोलावले, आणि न्यायालयाने प्रौढ म्हणून खटला चालवण्याची गरज नाही असा निर्णय देऊन मुलाला विशेष गृहात पाठवले. तिथली कमाल मुदत तीन वर्षे असते. तोवर चौदा महिने आणि बारावीची परीक्षा गेली होती.

कायद्याची खरी अडचण ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ’ या शब्दांत आहे. असा प्रक्षोभ सिद्ध झाला तर खून हा सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून कमी गंभीर गुन्हा, ठरतो. पत्नीच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नानावटीच्या खटल्यात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पत्नीची कबुली ऐकल्यापासून गोळी झाडेपर्यंतचे सुमारे तीन तास भानावर येण्यास पुरेसे होते. नौदलातल्या धडधाकट अधिकाऱ्याला ते लागू पडते. मार खाणाऱ्या मुलाचे उलटे असते: वेळ जातो तसा त्याचा राग निवत नाही, पुढच्या रविवारची भीती वाढते, आणि जागा असलेला बाप त्याला आवरता येणारा नसतो, म्हणून तो झोपलेल्या बापावर हात टाकतो. झोप हा आपल्याकडे क्रौर्याचा पुरावा मानला जातो. माझ्या मते ती दुर्बलतेची खूण आहे. मद्रास उच्च न्यायालयाने 1989 मध्ये मुलांसह विहिरीत उडी घेतलेल्या सुयंबुक्कनी या आईच्या खटल्यात दीर्घकाळ साचत गेलेल्या प्रक्षोभाचा विचार केला होता. तो मुलांच्या प्रकरणांत अधिक आग्रहाने मांडला गेला पाहिजे.

शिवाय, कलम कोणते लागते यावर शिक्षेआधीच बरेच काही ठरते. शिल्पा मित्तल खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा नाही तो निर्घृण वर्गात येत नाही. खून त्या वर्गात येतो, सदोष मनुष्यवध येत नाही. नव्या न्याय संहितेत खुनाचे कलम 103 आणि सदोष मनुष्यवधाचे 105 झाले. 105 मध्येही किमान शिक्षा आहे ती पाच वर्षांची. म्हणजे साचलेला प्रक्षोभ सुरुवातीलाच कागदावर आला आणि कलम बदलले, तर त्या मुलाला प्रौढ म्हणून उभे करण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता जे आधी सांगायला हवे होते ते सांगतो. मी वकील नाही. जमिनीसाठी किंवा मोबाइलच्या पैशांसाठी बापाला मारणारी मुलेही मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या एकाने छळाची कहाणी रचली होती. ती दोन शेजाऱ्यांना आणि एका डॉक्टरांना विचारल्यावर टिकली नाही. तपासणी त्यासाठीच असते. आणि खरा छळ झालेल्या मुलालाही निर्दोष सोडा असे मी म्हणत नाही, कारण माणूस मेलेला असतो.

तुमच्या ओळखीत असे प्रकरण असेल तर हजेरीपट, केसपेपर आणि 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर कोणी फोन केला असेल तर त्याची नोंद पहिल्या पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याच्या हातात लेखी द्या, आणि पोच घ्या. पोच असली की हिरवी रेघ मारणे जड जाते.

ते वरिष्ठ आता निवृत्त आहेत. सकाळी फिरताना भेटतात आणि विषय निघाला की अजूनही म्हणतात, “तो परिच्छेद ठेवला असता तरी मंडळाने तेच केलं असतं.” असेलही. पण घटना रविवारी रात्री घडली होती, आणि ही तारीख त्याच परिच्छेदात होती.