थंडीसाठी दोन लाखांचं कर्ज? आधी मळ्यातल्या घराचा हिशेब मांडू

प्रश्न : आम्ही दोघं (वय २९ आणि २६) पिंपळगाव बसवंतजवळ मळ्यात राहतो. घरात सासूबाई आणि चौदा महिन्यांचा मुलगा. तीन खोल्या, वर लोखंडी पत्रे, एकूण ६०० चौरस फूट. दीड एकर द्राक्षबाग, दोन संकरित गायी आणि दीड महिन्याची कालवड. माझा शाळेतला पगार १४,००० रुपये. बचत खात्यात ६०,००० आहेत, पतसंस्थेतली २,४०,००० ची ठेव मार्चमध्ये पिकते. गेल्या थंडीत मुलगा सारखा आजारी होता, म्हणून यंदा थंडीआधी तीन कामं करायची आहेत : पीयूएफचे, म्हणजे मधे फोमचा थर असलेले पत्रे (१,२०,०००), २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर (३८,०००) आणि गोठ्याला तीन बाजूंनी विटांची भिंत (६२,०००). बँक दोन लाखांचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी द्यायला तयार आहे. कर्ज घ्यावं की ठेव मोडावी?

उत्तर : दोन्ही नको. तिन्ही कामांमागची गरज खरी आहे, पण त्यातलं एकही काम आत्ता, या किमतीला आणि या मापाचं करायची गरज नाही.

आधी कर्जाचं बघू. दोन लाखांवर १४ टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता महिन्याला साधारण ६,८३६ रुपये बसतो. एकूण परतफेड २,४६,००० च्या आसपास, म्हणजे नुसतं व्याज ४६,०००. हप्ता तुमच्या पगाराचा जवळपास निम्मा भाग खाईल. त्यात वेळ वाईट. ऑक्टोबर छाटणी झाली की पेस्टिंग, विरळणी, फवारण्या, मजुरी असा बागेचा खर्च सुरू होतो आणि माल निघेपर्यंत थांबत नाही. द्राक्षाचे पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेही व्यापाऱ्याने खात्यावर टाकल्याशिवाय आपले धरायचे नाहीत, हे निफाड तालुक्यात वेगळं सांगायला नको. म्हणजे पहिले चार-पाच हप्ते वर्षातल्या सगळ्यात तंगीच्या महिन्यांत येणार.

खाली जी कामं आत्ता करायला सांगतो आहे, त्यांचा एकूण खर्च ३८,५०० रुपये आहे. कर्जाच्या नुसत्या व्याजापेक्षा कमी.

छत

निफाडला थंडी कडक पडते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली गेल्याच्या नोंदी अनेक वर्षांच्या आहेत. निरभ्र रात्री लोखंडी पत्रा आकाशाकडे उष्णता फेकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. घरातली ओलसर हवा त्याला लागली की खालच्या बाजूला पाणी सुटतं आणि पहाटे अंथरुणावर थेंब पडतात. मूल आजारी पडायला नुसती थंडी लागत नाही, ही ओलही हातभार लावते.

पीयूएफचा पत्रा हे चांगलं उत्तर आहे, एप्रिलच्या उन्हातही तो कामाला येतो. पण तुमच्या कोटेशनचा दर फुटाला २०० रुपये पडतो आणि त्यासाठी सगळं छप्पर उघडावं लागेल. परतीचा पाऊस पूर्ण गेला याची खात्री नसताना, घरात लहान मूल असताना, छप्पर उघडायचं नाही. हे एप्रिलचं काम.

आत्ता फक्त झोपायची एक खोली धरा. १२ बाय १४ ची खोली म्हणजे १६८ चौरस फूट. तिला पत्र्याखाली लोखंडी सांगाड्यावर पीव्हीसीचं सीलिंग आणि त्यावर ग्लासवूलची गादी, असं फुटाला शंभरच्या आसपास पडेल. १७,००० धरा. दोन गोष्टी गवंड्याला आणि सीलिंगवाल्याला आधीच सांगा. एक, सीलिंग आणि पत्रा यांच्यात किमान सहा इंच पोकळी हवी आणि तिला बाहेरच्या बाजूने जाळी लावलेली वाट हवी, नाहीतर वर सुटलेलं पाणी ग्लासवूलमध्ये मुरतं आणि ओली गादी काही कामाची राहत नाही. दोन, थर्माकोल वापरायचा नाही. स्वस्त पडतो, पण आग पकडतो आणि उंदीर पोखरतात.

भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये पन्हळीच्या नाळ्यांतून जो वारा येतो, तो बहुतेक घरांत कोणी मोजतच नाही. पहाटे उदबत्ती घेऊन भिंतीच्या वरच्या कडेने हात फिरवा, धूर कुठे वाकतो ते दिसेल. तिथे पन्हळीच्या आकाराच्या फोमच्या पट्ट्या मिळतात त्या बसवा, किंवा सिमेंटचा माल भरा. २,००० रुपये. दाराखालची फट आणि खिडक्यांना रबरी पट्टी, १,५००. खोली मात्र हवाबंद करू नका, वरची एक झडप उघडी राहू द्या. आणि निखाऱ्यांचं घमेलं झोपायच्या खोलीत कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतल्या माणसाला जाग येत नाही.

दीडशे-दोनशे रुपयांचे दोन थर्मामीटर घ्या, एक सीलिंगच्या खोलीत, दुसरा शेजारच्या खोलीत. थंडीभर पहाटे पाचला आणि एप्रिलमध्ये दुपारी तीनला दोन्हींची नोंद ठेवा. फरक चांगला दिसला तर उरलेल्या ४३२ फुटांनाही सीलिंगच करा : ४३,००० रुपये. १,२०,००० च्या जागी सगळं घर ६०,००० त झालं. फरक समाधानकारक नसेल, तर पीयूएफला पैसे घालायला तुमच्याकडे स्वतःच्या घरातला पुरावा असेल. छतावर पुढे विजेची सोलर पॅनल बसवायची असतील तर मात्र पत्र्याचा निर्णय आधी घ्या. पॅनल काढून पत्रे बदलणं म्हणजे दुहेरी मजुरी.

गरम पाणी

चार जणांना २०० लिटरची टाकी लागत नाही, १०० लिटर पुरते. सोलरमधलं पाणी ५५-६० अंशांचं असतं, त्यात गार पाणी मिसळूनच आंघोळ होते. बचतीचा हिशेब असा : ८० लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला गिझर, गळती धरून, पावणेतीन युनिट खातो. महावितरणच्या घरगुती दरात १०१ ते ३०० युनिटांचा टप्पा पहिल्या शंभराच्या जवळपास दुप्पट आहे, आणि गिझर बहुतेक घरांना त्याच टप्प्यात ढकलतो. युनिटला ११ रुपये धरले तर दिवसाला ३०, थंडीच्या १२० दिवसांचे ३,६०० आणि वर्षाचे फार तर ६,०००. शंभर लिटरचा २२,००० चा हीटर पावणेचार वर्षांत वसूल होतो. दोनशे लिटरच्या ३८,००० ला सहा वर्षांच्या वर लागतात, कारण टाकी मोठी झाली म्हणून आंघोळी वाढत नाहीत.

पण हा हिशेब गिझरशी तुलना करून. तुमच्याकडे बंब असेल आणि छाटणीच्या काड्या फुकट असतील, तर पैशांत बचत जवळपास शून्य आहे. मग सोलर हा सोयीचा आणि धुरापासून सुटकेचा खर्च आहे. तोही रास्त, फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका.

विक्रेता 'शून्य टक्के हप्ता' म्हणाला तर आधी रोखीचा भाव विचारा. समजा रोखीने ३४,५०० आणि हप्त्याने ३८,०००, वर प्रोसेसिंगचे १,२००. म्हणजे बारा महिन्यांसाठी ४,७०० जास्त. हप्त्यांमुळे सरासरी थकबाकी १८,७०० च्या आसपासच असते, त्यामुळे खरा दर २५ टक्क्यांवर जातो. 'सूर्यघरची सबसिडी मिळेल' असंही कोणी सांगेल. ती विजेच्या पॅनलसाठी आहे (१ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,०००), पाणी तापवायच्या हीटरसाठी नाही.

मार्चनंतर घ्याल तेव्हा काचेच्या नळ्यांचा घ्या. बोअरच्या क्षारी पाण्यात तांब्याच्या नळ्या लवकर चोंदतात. वर्षातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून गाळ काढायचा. रिकाम्या तापलेल्या नळ्यांत दुपारी गार पाणी सोडलं की काच तडकते, भरायचं ते पहाटे.

तोवर एक फुकटची गोष्ट : छतावरच्या टाकीतलं पाणी पहाटेपर्यंत गारठतं, बोअरमधून ताजं उपसलेलं पाणी मात्र कोमट लागतं. पंपाला वीज असेल तेव्हा बंब थेट त्या पाण्याने भरा. सरपण बरंच कमी लागेल.

गोठा

विटांची भिंत हे यादीतलं सगळ्यात चुकीचं काम आहे. संकरित गाय कोरडी असेल आणि पोटभर वैरण असेल तर पाच अंशांची थंडी तिला सोसते, पोटात आंबणाऱ्या वैरणीतूनच तिला ऊब मिळते. तिला त्रास होतो तो अंगावर येणाऱ्या वाऱ्याचा आणि ओल्या जमिनीचा. तीन बाजू बंद केल्या की मूत्राचा अमोनिया आत कोंडतो आणि न्यूमोनियाचा धोका उलट वाढतो. डॉक्टरचं एक बिल आणि बुडालेलं दूध, यात भिंतीचे ६२,००० कुठेच वसूल होत नाहीत.

त्याऐवजी वाऱ्याच्या बाजूला, तुमच्याकडे बहुधा उत्तर आणि पूर्वेला, जाड ताडपत्रीचे गुंडाळता येणारे पडदे. खाली जीआय पाइप ओवायचा म्हणजे वाऱ्याने फडफडत नाहीत, आणि वर फूट-दीड फूट जागा मोकळी ठेवायची. संध्याकाळी सोडायचे, ऊन आलं की गुंडाळायचे. कालवडीला मात्र खरंच जपावं लागतं. तिच्यासाठी कोपऱ्यात वेगळी जागा, खाली पाच-सहा इंच कोरडं गव्हाचं काड किंवा पाचट, रोज वरचा ओला थर काढून नवा टाकायचा. गुडघे टेकून बघा : तुमच्या कापडाला ओल लागली तर तिलाही लागते आहे. पडदे, पाइप, दोर, काड मिळून ५,०००.

गायींना पहाटे हौदातलं थंडगार पाणी दिलं की त्या कमी पितात आणि दूध लगेच उतरतं. दोन गायींचं मिळून दिवसाला दोन लिटर घटलं, तर ३० रुपयांच्या भावाने १०० दिवसांत ६,००० गेले. इथेही ताजं बोअरचं पाणी हेच औषध. दूध काढल्यावर सड कोरडे पुसून थोडं खोबरेल लावा, भेगा पडल्या की गाय लाथ मारते आणि दगडीची (कास सुजण्याच्या आजाराची) भीती वाढते.

वैरण तुमच्या यादीत नाहीच, आणि मला तीच पहिली दिसते. थंडीत नेपियर गवताची आणि मक्याची वाढ मंदावते. दोन गायींना दिवसाला १५ किलो प्रत्येकी मुरघास (हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा) धरला तर १२० दिवसांचे ३.६ टन होतात. खरिपाच्या मक्याचा मुरघास आत्ता बाजारात आहे, उन्हाळ्याकडे भाव चढतात. किलोला ६ रुपयांनी दोन टन घ्या : १२,०००. उरलेली गरज लसूण घासाने भागवा, तो थंडीतच चांगला वाढतो. पाच गुंठ्यांना सव्वा किलो बी, मशागतीसह १,००० रुपये, पहिली कापणी पन्नास-पंचावन्न दिवसांत आणि मग महिन्याला एक. मुरघासाची बॅग फाटली तर त्याच दिवशी चिकटपट्टी लावा. हवा शिरली की बुरशी येते, आणि बुरशी आलेला भाग गाभण गायीला घालायचा नाही.

पैसे कुठून

सगळं धरून ३८,५००, तुमच्या ६०,००० मधून. हातात २१,५०० उरतात. त्याला हात लावायचा नाही, दवाखाना आणि फवारणी यांच्यासाठीच ते आहेत. मध्येच जास्त लागले तर ठेव मोडू नका, ठेवीवर तारण कर्ज काढा. त्याचा दर साधारण ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. ५०,००० वर १२ टक्क्यांनी चार महिन्यांचे फक्त २,००० होतात.

सोसायटीच्या पीककर्जातून घरकाम करायचा मोह टाळा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शून्य टक्के पडतं. एवढा स्वस्त पैसा दुसरीकडे कुठेच नाही. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत घरखर्चासाठी १० टक्के धरलेले असतात, तेवढेच.

द्राक्षाचा आंबिया बहाराचा फळपीक विमा काढला नसेल तर शाळेतून येताना आजच चौकशी करा, मुदत उलटली की वर्ष गेलं. शेतकऱ्याचा हिस्सा सर्वसाधारणपणे विमा रकमेच्या ५ टक्के. भरपाई मात्र तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, बागेतल्या थर्मामीटरवर नाही. तुमच्या मळ्यात मणी तडकले आणि केंद्रावर पारा तेवढा उतरला नाही, तर काहीच मिळत नाही. म्हणून विमा असला तरी पहाटे ठिबक चालवणं आणि बांधावर शेकोट्या पेटवणं सुटत नाही.

राहिली ठेव. पतसंस्थेतल्या ठेवीला, बँकेतल्या ठेवीसारखं, पाच लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण नसतं. दोन टक्के व्याज जास्त मिळतं ते या जोखमीचं. मार्चमध्ये पैसे आले की त्यातून १०० लिटरचा हीटर घ्या आणि, एप्रिलच्या नोंदी समाधानकारक असतील तर, उरलेल्या खोल्यांचं सीलिंग करा, आणि राहिलेले पावणेदोन लाख बँकेत किंवा पोस्टात ठेवा. पावतीवर 'आपोआप नूतनीकरण' अशी नोंद आहे का ते आत्ताच पाहा. असेल तर फेब्रुवारीतच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, नाहीतर ठेव आणखी वर्षभर तिथेच अडकेल.