हरणं मोजण्याआधी रोपं बघा

जमीन आणि जंगल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. पेनसिल्व्हेनियात टायोगा काउंटीत आमची 115 एकर जमीन आहे. 100 एकर जंगल, आणि 15 एकरांत शेजारचा शेतकरी मका लावतो. तो म्हणतो, जमीनमालकाला आपल्या जमिनीपुरते हरणांच्या शिकारीचे परवाने मिळवून देणाऱ्या डीमॅप योजनेचे नियम आता सैल झालेत. पूर्वी एका शिकाऱ्याला एका जमिनीवर दोनच परवाने मिळायचे, आता चार मिळतात, तर तुम्ही नाव नोंदवा. आमच्या घरी कुणी मांस खात नाही. सासूबाईंना तर ही कल्पनाच सहन होत नाही. पण जंगलात नेच्यांशिवाय काही उगवत नाही, हेही दिसतं. भाग घ्यावा का? आणि शिकाऱ्यांकडून थोडं भाडं घेतलं तर चालेल का?

उत्तर : नेच्यांबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी तिथूनच सुरू करते. दापोलीला वनशास्त्र शिकून इकडे आल्यापासून माझं बरंचसं काम खाजगी जंगलांतच झालंय, आणि गुडघाभर नेचे दिसले की मी पहिल्यांदा खाली वाकून ओक आणि शुगर मेपलची रोपं शोधते. हरणांना ती फार आवडतात. नेचे आणि बीच, पट्टेरी मेपल या झाडांना हरणं सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षं हवं ते खाल्लं जातं, नको ते उरतं आणि पसरतं. वायव्य पेनसिल्व्हेनियात सरकारी वनशास्त्रज्ञांनी कुंपणं घालून चौरस किलोमीटरला साधारण 4, 8, 15 आणि 25 अशा वेगवेगळ्या प्रमाणात हरणं ठेवली आणि दहा वर्षं निरीक्षण केलं. हरणं वाढत गेली तशा रोपांच्या जाती कमी होत गेल्या आणि नेच्यांचं राज्य आलं. एकदा नेच्यांची दाट सावली झाली की पुढे हरणं कमी करूनही रोपं लवकर डोकं वर काढत नाहीत. उशीर महागात पडतो तो असा.

म्हणून तुमच्या जंगलात किती हरणं आहेत, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. दोन-तीन ठिकाणी दहा बाय दहा फुटांचा तुकडा आठ फूट उंच तारेच्या जाळीने बंद करा, आणि शेजारीच तेवढाच तुकडा खुंट्या ठोकून उघडा ठेवा. दोन उन्हाळ्यांनी दोन्हींत काय उगवलंय ते बघा. आत ट्रिलियमची रानफुलं आणि मेपल, बाहेर नुसते नेचे, असं दिसलं तर भूक हरणांची आहे. आतही काही नसेल तर सावली, माती किंवा बियाणं देणारी झाडंच उरलेली नाहीत, असं कारण असू शकतं, आणि मग हरणं मारून काहीच साधणार नाही. तुमच्या काउंटीला राज्याच्या वनखात्याचा सर्व्हिस फॉरेस्टर असतो. तो खाजगी मालकांना फुकट सल्ला देतो. त्याला एकदा बोलवाच.

आता योजना. पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनने, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याने, डीमॅप, म्हणजे डिअर मॅनेजमेंट असिस्टन्स प्रोग्रॅम, 2003 साली सुरू केला. शिंगं नसलेल्या हरणांचे, म्हणजे मुख्यतः माद्यांचे, नेहमीचे परवाने एका अवाढव्य विभागासाठी निघतात. त्यातला शिकारी तुमच्या जंगलात येईल की वीस मैलांवर जाईल, हे तुमच्या हातात नसतं. डीमॅपचा परवाना फक्त तुमच्या जमिनीपुरता असतो. नेहमीचा हिशोब लागवडीखालच्या दर 5 एकरांना एक आणि इतर दर 50 एकरांना एक. म्हणजे तुम्हाला मक्याचे तीन आणि जंगलाचे दोन, एकूण पाच. अर्ज 1 जुलैच्या आत.

शेजारी सांगतो त्या बदलाने हे पाच वाढत नाहीत. फायदा होतो तो असा, की पूर्वी पाच परवाने वापरायला निदान तीन शिकारी लागले असते, आता विश्वासातले दोघे पुरतात. अनोळखी माणसं जमिनीवर कमी येतील, आणि तुमच्यासारख्या दूर राहणाऱ्यांना ते महत्त्वाचं आहे. पण सुधारणा म्हणून हे मला पुरेसं वाटत नाही. तुमच्या तीन परवान्यांचा आधार आहे तो मका, आणि उद्ध्वस्त होतंय ते जंगल! शंभर एकर जंगलाच्या वाट्याला दोनच माद्या. माझं मत विचाराल तर लहान मालकांच्या परवान्यांची संख्या एकरांवर ठरवायला नको. अर्जाबरोबर रोपांची पाहणी मागावी, तीन वर्षांनी पुन्हा मागावी, आणि शेजाऱ्यांनी एकत्र केलेल्या अर्जाला झुकतं माप द्यावं. मॅककीन काउंटीत 2000 साली ॲलेगेनी राष्ट्रीय वनाभोवतीच्या मालकांनी मिळून 70 हजारांहून अधिक एकरांवर किन्झुआ क्वालिटी डिअर को-ऑपरेटिव्ह उभं केलं. डीमॅप आल्यावर तिथली हरणं घटली आणि खालचा झाडोरा परतू लागला. हरीण काही सातबारा बघून चरत नाही. तुम्हीही आजूबाजूच्या चार मालकांना चहाला बोलवा.

सासूबाईंबद्दल. त्यांच्या मनाला लागतंय ते खरं आहे, त्यांना वादात हरवू नका. इतकंच सांगा की इथले लांडगे माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत संपवले. हरणंही जवळजवळ संपली होती. 1906 साली मिशिगनहून आणून सोडली आणि 1907 साली मादी मारायला बंदी झाली. ते तेव्हा योग्यच होतं. पण चांगलं खायला मिळालेली मादी बहुधा जुळी देते आणि तिला खाणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. ज्या रोपांवर उद्या पक्षी बसायचे, तीच खाल्ली जातायत, आणि शेवटी हिवाळ्यात उपाशी राहतात ती हरणंच. मांसाचं म्हणाल तर 1991 पासून ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ ही व्यवस्था शिकाऱ्यांनी दिलेलं हरणाचं मांस अन्नछत्रांपर्यंत पोचवते. तुमच्या शिकाऱ्यांना ती अट घाला. एवढं करूनही घरच्यांचा होकार येत नसेल तर अर्ज करू नका. पाच-दहा एकरांना कुंपण घाला. खर्च जास्त आहे, पण तो मार्ग खोटा नाही.

भाडं मात्र घेऊ नका. खाजगी जमीन डीमॅपला चालते ती शिकारीसाठी पैसे न घेणारीच. शिवाय 1966 च्या कायद्याने, फुकट प्रवेश देणाऱ्या मालकाला जमिनीवर कुणाला इजा झाली तर बरंच संरक्षण मिळतं. पैसे घेतलेत की ते जातं. हद्दीवरच्या झाडांना जांभळे पट्टे मारा, 2020 पासून ती प्रवेशबंदीची कायदेशीर खूण आहे. आणि शिकाऱ्यांना बजावा की हरीण मिळो न मिळो, अहवाल पाठवायचाच.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांतल्या आमच्या घरामागे मुलं हरणांना मका टाकतात. त्याच जमिनीवर शेजाऱ्याला शिकारीची परवानगी द्यायची आहे. अडचण आहे का?

उत्तर : आहे. आमिष टाकलेल्या जागी शिकार करणं तिथे बेकायदा आहे, आणि शेवटचा दाणा उचलल्यावरही 30 दिवस जाऊ द्यावे लागतात. तुमच्या मुलांमुळे शेजारी गुन्हेगार ठरेल. शिवाय मक्याच्या ढिगावर दहा तोंडं एकत्र आली की क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांना खंगवून मारणारा रोग पसरायला वाव मिळतो. पेनसिल्व्हेनियात तो 2012 पासून आहे आणि त्यावर औषध नाही. मका आजच बंद करा. मुलांना हरणं बघायचीच असतील तर संध्याकाळी खिडकीशी दुर्बीण ठेवा. आणि शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा, वस्तीच्या घरापासून 150 यार्डांच्या आत, तिथे राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय, बंदूक चालवता येत नाही. यात तुमच्या पलीकडच्या घरांचंही अंतर धरायचं.