पाऱ्याची शंका, झिंक-मॅग्नेशियम आणि रक्तातली साखर

शरीरात पारा साठल्याची शंका आली म्हणून झिंक-मॅग्नेशियमच्या गोळ्यांचे डबे मागवण्याआधी पाऱ्याची तपासणी नीट करून घ्या. मासे भरपूर खात असाल तर रक्तातला पारा बघायचा. रससिंदूरासारखी पारा असलेली आयुर्वेदिक औषधं पोटात गेली असतील किंवा पाऱ्याच्या वाफेशी संबंध आला असेल तर लघवीतला. चिलेशनचं (शरीरातले जड धातू बाहेर काढणारं) औषध देऊन मग घेतलेली लघवीची तपासणी मात्र मानू नका. ते औषध पारा ओढून लघवीत आणतं, त्यामुळे धडधाकट माणसाचाही आकडा फुगतो.

खरा घोळ झिंकने होतो. रोज 50 मिलिग्रॅम महिनोन्महिने घेतलं की आतड्यातून तांबं कमी शोषलं जातं. मग ॲनिमिया, पायांना मुंग्या, आणि खापर फुटतं पाऱ्यावर! जेवण धरून सगळं मिळून 40च्या आत ठेवा. मॅग्नेशियम गोळीतून 350 मिलिग्रॅमपर्यंतच; किडनी कमजोर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

हात थरथरले, घाम फुटला की पाऱ्याला दोष देण्याआधी लगेच ग्लुकोमीटर लावा. साखर 70च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. अल्फा लिपोइक ॲसिड हे सप्लिमेंट घेणाऱ्या मोजक्या लोकांच्या शरीरात इन्सुलिनविरोधी अँटिबॉडी तयार होतात आणि साखर एकदम उतरते. असं वाटलं तर ते थांबवून डॉक्टरांना गाठा. आणि हो, व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसनंतर बरेच मीटर खोटा जास्त आकडा दाखवतात.

आणि पाऱ्याची काळजी म्हणून जेवणात मुशी (शार्क) टाळा, बांगडा-तारली खुशाल खा.