निकालपत्रातली भाषा खरंच महत्त्वाची असते का? मी एका शब्दाने पोटगी कमी झालेली बघितलीये

तुम्ही विचारलंय की न्यायाधीश निकालात जी भाषा वापरतात तिने काही फरक पडतो का, की निर्णय आधीच झालेला असतो आणि भाषा नंतर चढवतात. हा दुसरा भाग वाचून राहवलं नाही. माझा मोठा भाऊ वकील आहे आणि गेली वीस वर्षं मला हेच ऐकवतोय, "शेवटचा आदेश वाच, बाकी सगळं भरताड." मी कोर्टात स्टेनो होते, डिक्टेशन घेण्यात आयुष्य गेलं, आणि माझ्या मते दादा साफ चुकतोय.

एक पोटगीचा अर्ज होता, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 कलमाखालचा. बाईंचा उलटतपास मराठीत झाला. वकिलाने विचारलं, तुम्ही शिवणकाम करता ना? बाई म्हणाल्या, हो, कधीमधी, शेजारपाजारच्या साड्यांना फॉल-पिको. कागदावर काय उतरलं तर "हे म्हणणे खरे आहे की, मी शिवणकाम करते." म्हणजे वाक्य वकिलाचं आणि तोंड बाईंचं. कधीमधी गेलं, फॉल-पिको गेलं. मग निकाल इंग्रजीत, आणि साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, डिक्टेशनमध्ये सांगितलं की अर्जदाराने उलटतपासात 'ॲडमिट' केलंय की ती शिवणकामातून कमावते. मी टाइप केलं. आता कबूल कोण करतं, ज्याने आधी लपवलंय तो. बाईंनी काहीच लपवलं नव्हतं, विचारलं तेव्हा सांगितलं एवढंच, पण तो शब्द एकदा बसला आणि पुढची वाक्यं त्याच्याच मागे यायला लागली, खरी परिस्थिती दडवली, स्वच्छ हाताने कोर्टात आल्या नाहीत वगैरे, आणि शेवटी मागितली होती त्याच्या निम्म्यानेसुद्धा पोटगी मिळाली नाही. रिव्हिजनमध्ये, म्हणजे निकालाच्या फेरतपासणीत, वरच्या कोर्टाने तेच वाक्य जसंच्या तसं उचललं. वर कोणी बाईंना बघत नाही, वर फक्त कागद जातो. निकालात बदल करायचा मला अधिकार नव्हता, पण "सर, साक्षीत 'कमावते' असं नाहीये" एवढं मला म्हणता आलं असतं. म्हणाले नाही. ते अजून टोचतं.

दादा म्हणतो आकडा साहेबांच्या डोक्यात आधीच होता, शब्द कुठलाही आला असता. असेलही. पण दुसऱ्या एका साहेबांना मी दोन पानं डिक्टेशन देऊन "म्हणून" या शब्दावर थांबलेलं बघितलंय. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले ही पानं काढून टाका, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी निकाल उलटा लागला. आदल्या दिवशीचं कारण त्यांना सरळ वाक्यात मांडताच आलं नाही, म्हणून निर्णय बदलला. मुद्दे काय, त्यावर निर्णय काय आणि कारणं काय हे लिहायचं बंधन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 354 कलमात होतं, नव्या संहितेतही आहे, आणि ते मला नुसती औपचारिकता कधीच वाटलं नाही.

मोठं उदाहरण हवं तर मथुरा खटला बघा. 1972 साली चंद्रपूर जिल्ह्यात पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या मुलीवर अत्याचार. सेशन कोर्टाने 'संभोग' आणि 'बलात्कार' यात फरक करून पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने 'संमती' आणि 'भीतीने निमूट राहणं' यात फरक करून शिक्षा दिली. 1978 ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. घटना तीच, पुरावा तोच, वाद पूर्ण एका शब्दाच्या अर्थावर. 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं तेही संमती या शब्दावरूनच, आणि 1983 ला कायदा बदलला. हे सगळं भरताड?

आणि भाषा इतकी जड असावी की कळूच नये हाही प्रकार आहेच. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने हिमाचल हायकोर्टाचा एक निकाल काय म्हणायचंय तेच समजत नाही म्हणून रद्द केला आणि पुन्हा लिहायला परत पाठवला.

एक सांगायला हवं, सगळे न्यायाधीश शब्दांशी खेळतात असं मी म्हणत नाहीये. बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या यादीत, रोज एवढी प्रकरणं असतात की 'ॲडमिटेड' हा बऱ्याचदा सवयीने आलेला शब्द असतो. आणि सुंदर भाषेतले चुकीचे निकालही मी टाइप केलेत, म्हणजे भाषा चांगली तर निकाल बरोबर असंही नाही.

तुमचं स्वतःचं काही प्रकरण चालू असेल तर साक्षीची नक्कल काढा आणि निकालपत्राशेजारी ठेवून वाचा. जिथे 'ॲडमिटेड' आहे तिथे मूळ मराठी वाक्य काय होतं ते शोधा. 'निर्विवादपणे', 'साहजिकच' असे शब्द आले की थांबा, बऱ्याचदा तिथेच कारण द्यायचं राहिलेलं असतं. अपिलात जाताना वकिलाला ती ओळ बोट ठेवून दाखवा, आणि तो माझ्या भावासारखा "शेवटचं पान बघू" म्हणाला तर दुसरा वकील शोधा.