रात्री घशाशी आंबट येते : घरगुती उपायांतले खरे काय आणि सांगोवांगीचे काय?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे : वय ३४, काम बैठे, जेवणानंतर तासाभरात छातीच्या मधोमध जळजळ सुरू होते आणि आठवड्यातून तीन-चार रात्री घशाशी आंबट पाणी येऊन झोपमोड होते. औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी घेतली की बरे वाटते, पण गोळीची सवय लावून घ्यायची नाही. घरच्यांनी आणि मित्रांनी मिळून थंड दूध, लिंबूपाणी, सोडा, आवळा, कोकम आणि सफरचंदाचे व्हिनेगर असे सहा उपाय सुचवले आहेत. त्यांतला कोणता धरावा, हा तुमचा प्रश्न.

मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. एका वृत्तपत्राच्या मुद्रितशोधन विभागात मी बावीस वर्षे रात्रपाळी केली. साडेबाराला शेवटचे पान सोडायचे, एक वाजता घरी येऊन झाकून ठेवलेले जेवायचे आणि दीडला आडवे व्हायचे, असा तेव्हा माझा क्रम होता. त्या क्रमाने दिलेले हे दुखणे मी जवळजवळ दहा वर्षे सांभाळले. पुढे लिहितो आहे ते त्या अनुभवातून, मला तपासणाऱ्या पोटविकारतज्ज्ञांनी समजावले त्यातून आणि नंतर केलेल्या वाचनातून आलेले आहे.

आधी एका शब्दाचा घोळ दूर करतो, कारण निम्मे चुकीचे सल्ले त्यातूनच निघतात. मराठीत आपण अंगावर गांधी उठल्या तरी ‘पित्त उठले’ म्हणतो, डोके ठणकले तरी ‘पित्ताने डोके चढले’ म्हणतो, उलटीत पिवळे-कडू पाणी पडले तरी ‘पित्त पडले’ म्हणतो आणि छातीत जळजळले तरी ‘पित्त झाले’ असेच म्हणतो. यांपैकी गांधी ही त्वचेची प्रतिक्रिया असते. पिवळे-कडू पाणी म्हणजे यकृतात तयार होऊन लहान आतड्यात उतरणारा पित्तरस. आणि तुमची जळजळ मुख्यतः जठरातल्या आम्लाची असते. गांधी उठल्यावर आमसुलाचे पाणी अंगाला लावण्याची आपल्याकडची पद्धत आहे, म्हणून तेच पाणी प्यायल्याने छातीची जळजळ थांबेल, असे होत नाही. आयुर्वेदाने मात्र हा घोळ घातलेला नाही. काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात ‘अम्लपित्त’ हा वेगळा विकार म्हणून वर्णिलेला आहे आणि माधवनिदानाने त्याच्या लक्षणांत आंबट-कडू ढेकरा आणि छाती-घशाचा दाह यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे.

आता हे आम्ल वर येते कसे, ते पाहू. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे वळ्यासारखा एक स्नायू असतो. घास खाली जाताना तो सैल होतो आणि एरवी आवळलेला राहतो. जठराचे अस्तर आम्ल सोसण्यासाठीच घडलेले असते, अन्ननलिकेचे तसे नसते. म्हणून हा स्नायू नको त्या वेळी सैल पडला, किंवा पोटातला दाब त्याला पुरून उरला, की जठरातले आम्ल वर चढते आणि छाती पोळते. दिवसा आपण बसलेले किंवा उभे असल्यामुळे ते लवकर खाली उतरते, शिवाय आपण सतत गिळत असलेली लाळ किंचित अल्कधर्मी असल्याने उरलेसुरले आम्ल मारून टाकते. झोपेत मात्र लाळ सुटणे आणि गिळणे जवळजवळ थांबते, आणि आडवे झाल्यामुळे उतारही राहत नाही. दिवसा दहा मिनिटांत निवणारी जळजळ रात्री तासभर छळते ती यामुळे.

एवढे कळल्यावर मला उमगले की आपण डबे-बरण्यांत जे शोधत असतो, ते बहुतांशी घड्याळात आणि पलंगात असते. तुम्ही विचारलेल्या सहा उपायांकडे मी येतोच, पण मला ज्यांनी खरोखर बरे केले त्या गोष्टी आधी सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. शेवटचा घास आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवा, असे तज्ज्ञांनी सांगितले तेव्हा मी हसलो होतो, कारण रात्रपाळीत ते शक्यच नाही असे मला वाटत होते. शेवटी मी डबाच कार्यालयात न्यायला लागलो, साडेआठला पहिल्या आवृत्तीच्या आधी जेवू लागलो आणि घरी आल्यावर फार तर साळीच्या लाह्या किंवा एखादे केळे खाऊ लागलो. पंधरा दिवसांत फरक पडला. त्याच काळात, प्रूफच्या कोऱ्या पाठीवर, काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि जळजळ कधी झाली, याची मी तीन आठवडे नोंद ठेवली. मिसळ हीच माझी वैरीण आहे, अशी माझी आणि घरच्यांची ठाम समजूत होती. नोंदीत असे निघाले की सुटीच्या दिवशी सकाळी नऊला तर्रीसकट खाल्लेल्या मिसळीने एकदाही त्रास दिला नव्हता, कारण त्यानंतर दिवसभर मी उभा किंवा बसलेला असे. आणि गुरुवारच्या उपवासाला रात्री खाल्लेली, तुपात परतलेली आणि दाण्याच्या कुटाने जड झालेली साबुदाण्याची खिचडी मात्र तीनही आठवडे नेमाने घशाशी आली होती. स्निग्ध पदार्थ जठरातून उशिरा पुढे सरकतात, आणि उपवासाचे म्हणून जे आपण हलके समजतो ते बहुधा सर्वांत स्निग्ध असते. म्हणून इतरांनी दिलेल्या पथ्याच्या याद्या पाठ करण्यापेक्षा तुम्ही स्वतःची अशी नोंद ठेवावी. उपाशीपोटी चहा, कॉफी, कच्चा कांदा, टोमॅटो, ठेचा, तळण, चॉकलेट हे नेहमीचे संशयित आहेत. पण प्रत्येकाला यांतले सगळेच बाधते असे नाही. तंबाखू आणि मद्य यांना मात्र मी संशयाचा फायदा देणार नाही.

दुसरी गोष्ट पलंगाची. उशाकडचा भाग सहा ते आठ इंच उंच करायचा असतो, आणि तो उशा रचून होत नाही, कारण उशांच्या चळतीवर आपण कमरेत नव्हे तर पोटात मोडतो आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. आम्ही शिसवी पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली प्रत्येकी दोन विटा, एकावर एक, आडव्या ठेवल्या. तेवढ्याने सहा इंच उंची मिळाली. पहिल्या रात्री पलंग असा काही करकरला की शेजारच्या खोलीतून आई उठून आली, आणि पहिला आठवडा मी रोज पहाटे पायथ्याच्या फळीला टेकलेला सापडत असे. विटेचा गुळगुळीत पृष्ठभाग घसरतो, हे लक्षात आल्यावर सुताराकडून मधोमध खोबणी असलेले लाकडी ठोकळे करून घेतले. तुम्ही थेट तेच करा. बॉक्सचा पलंग असेल तर गादीखाली घालायची उताराची फोमची पाचर मिळते, आणि तीही चालते, मात्र ती खांद्यापासून नव्हे तर कमरेपासून उतरती हवी.

तिसरी गोष्ट कुशीची, आणि इथे मला आपल्या जुन्या शब्दांचे कौतुक करावेसे वाटते. जेवणानंतर शतपावली करावी आणि मग वामकुक्षी घ्यावी, असे म्हणतात. शतपावली म्हणजे शंभर पावले आणि वामकुक्षी म्हणजे डावी कूस. पुण्यात दुपारी एक ते चार दुकाने बंद असतात, त्यावरून या शब्दाची इतकी थट्टा झाली आहे की त्यातला ‘वाम’ आपण विसरूनच गेलो. डाव्या कुशीवर असताना जठराचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतो. उजव्या कुशीवर तेच तोंड आम्लाच्या पातळीखाली येते. डाव्या कुशीवर झोपणाऱ्यांच्या अन्ननलिकेतून आम्ल लवकर उतरते, हे प्रत्यक्ष मोजूनही पाहिले गेले आहे. अर्थात, तुमच्यासारख्यांनी जेवल्याबरोबर डाव्या कुशीवरही आडवे होऊ नये. दुपारी टेकायचेच असेल तर आरामखुर्चीत टेकावे. शतपावलीही रमतगमत करायची असते, भरल्यापोटी जोरात चालल्याने आम्ल उलट वर ढवळते. याच ओघात आणखी दोन गोष्टी सांगून टाकतो : बसल्यावर पोटात रुतणारा पट्टा सैल करा, आणि पोटाचा घेर वाढला असेल तर तो कमी करा. या दुसऱ्या गोष्टीइतका टिकाऊ उपाय दुसरा क्वचितच असेल; मला सहा किलो उतरवायला दीड वर्ष लागले.

आता तुमच्या सहा उपायांविषयी. थंड दुधाने तात्काळ बरे वाटते हे खरे आहे, कारण ते आम्लाला काही वेळ थोपवते. परंतु दुधातली प्रथिने आणि कॅल्शियम पुढे जठराला अधिक आम्ल स्रवायला लावतात, म्हणून झोपताना पेलाभर साईचे दूध पिणे हा उपाय नसून उद्याची सोय आहे. दिवसा अर्धा कप बिनसाईचे प्यायला हरकत नाही. लिंबूपाणी आणि सफरचंदाचे व्हिनेगर ही दोन्ही आम्लेच आहेत. पोटात गेल्यावर लिंबू अल्कधर्मी होते, असे जे सांगतात ते पोटात नव्हे, कल्पनेत होते. आधीच सोललेल्या अन्ननलिकेवर आणि दातांच्या आवरणावर आम्ल ओतण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

सोडा खरोखर काम करतो, कारण तो आम्लाशी संयोग पावून त्याला निष्प्रभ करतो आणि त्यातून निघालेला वायू ढेकर होऊन बाहेर पडतो. त्या ढेकरेनेच लोकांना गुण आल्यासारखे वाटते, पण तिच्यासोबत आम्लही वर येऊ शकते. शिवाय अर्धा चहाचा चमचा खाण्याच्या सोड्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसभरासाठी घालून दिलेली मर्यादा २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे. पाण्यात फसफसणाऱ्या तयार चूर्णांतही सोडाच असतो. लग्नाच्या पंगतीनंतर एखादे वेळी ठीक; रोज नको, तडस लागेपर्यंत जेवल्यावर लगेच नको, आणि रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मुळीच नको.

आवळ्याबाबत मी थोडा मवाळ आहे. तो आंबट आहे, तरीही आयुर्वेद त्याला पित्तशामक मानतो. इराणमध्ये आवळ्याच्या गोळ्यांची एक लहान चाचणी झाली होती, तिचा निष्कर्षही त्याच्या बाजूने लागला. मोरावळ्याची एक फोड सकाळी खाऊन पाहावी, सोसली तर चालू ठेवावी. मधुमेह असेल तर मात्र त्यातली साखर विसरू नये. कोकमाविषयी कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींचा राग ओढवून घ्यायची माझी इच्छा नाही, पण सोलकढीत आंबट आमसूल, लसूण, मिरची आणि स्निग्ध नारळाचे दूध असे चौघे एकत्र असतात. दुपारच्या माशांच्या जेवणावर वाटीभर प्यायलात तर आनंदच आहे; रात्री औषध म्हणून पिऊ नका.

तुमच्या यादीत नसलेले दोन उपाय मला उपयोगी पडले. जेवणानंतर चमचाभर साधी, साखर न चढवलेली बडीशेप दहा मिनिटे सावकाश चावत राहिलो की भरपूर लाळ सुटते, आणि लाळेचे काम वर सांगितलेच आहे. दुसरा म्हणजे ज्या दिवशी फारच जळजळते त्या दिवशी साळीच्या लाह्या पाण्यात भिजवून, गाळून ते पाणी घोट-घोट पिणे. यामागे मोठे शास्त्र आहे असा माझा दावा नाही, पण पोटाला भार होत नाही आणि घशाला आराम पडतो. जेष्ठमधाची कांडी चघळण्याचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. ते घशाला सुखावते, परंतु आठवडेच्या आठवडे घेतल्यास रक्तदाब वाढवते आणि शरीरातले पोटॅशियम घटवते, म्हणून दोन-चार दिवसांवर नेऊ नका. पुदिना तर अनेक जण थंड म्हणून घेतात, पण तो वर सांगितलेला स्नायू सैल करतो. आणि सकाळी मिठाचे कोमट पाणी पिऊन, घशात बोटे घालून ‘पित्त काढण्याची’ सवय असेल तर ती आजच सोडा. वैद्याच्या देखरेखीखालचे वमन वेगळे आणि मोरीवरचे हे वेगळे. याने रोज अन्ननलिका आणि दात आम्लात भिजतात.

घरगुती उपायांची हद्द कुठे संपते, तेही सांगायला हवे. घास अडकल्यासारखे वाटणे, प्रयत्न न करता वजन घटणे, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखे काळे शौच, तपासणीत रक्त कमी निघणे, यांपैकी एकही असेल तर लाह्यांच्या पाण्याचा विचारही न करता डॉक्टरांकडे जा. जळजळीसोबत घाम फुटला, धाप लागली, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात उतरले, तर तो पोटाचा विकार नाही असे धरून आधी हृदयाचा आलेख काढून घ्या. आमच्या खात्यातले एक ज्येष्ठ सहकारी असेच ‘गॅस झाला’ म्हणत दोनदा सोडा पिऊन खुर्चीत बसून राहिले होते. शिपायाने ऐकले नाही आणि त्यांना रिक्षात घातले, म्हणून ते वाचले.

राहिली तुमची गोळी. तिचे नाव तुम्ही लिहिलेले नाही, पण ती आम्ल कमी स्रवायला लावणाऱ्या पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल या वर्गातली असेल, तर ती जळजळ सुरू झाल्यावर नव्हे, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, आणि बरेच दिवस घेतल्यानंतर एकदम थांबवली तर काही दिवस आम्ल पूर्वीपेक्षा जास्त सुटते. त्या उसळीला लोक मूळ आजार समजतात आणि पुन्हा गोळीकडे वळतात. म्हणून आधी ठोकळे बसवा, जेवणाची वेळ मागे घ्या, महिनाभर जाऊ द्या, आणि मग डॉक्टरांना विचारून ती हळूहळू कमी करा. सांधेदुखीसाठी किंवा डोकेदुखीसाठी अधूनमधून वेदनाशामक घेत असाल तर त्याच भेटीत तेही सांगा. मी डायक्लोफिनॅक घेत होतो आणि ते सांगायचे मला सुचलेच नव्हते.