बारबेल स्क्वॉट करताना टाचा उचलल्या जातात आणि छाती पुढे पडते. नवशिक्याने तंत्र कसे सुधारावे?

तुम्ही लिहिले आहे की जिम सुरू करून तीन महिने झाले, स्क्वॉट (पाठीवर बार, म्हणजे वजने लावलेली लांब दांडी, घेऊन खाली बसून उठणे) ४० किलोपर्यंत पोहोचला, परंतु खाली बसताना टाचा उचलल्या जातात, वर येताना छाती पुढे पडते आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. शिवाय गुडघा पायाच्या बोटांपुढे मुळीच जाता कामा नये, असे ट्रेनरने बजावले आहे. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ बहुधा एकच आहे: बार तुमच्या पावलाच्या मध्यावर राहत नाही.

बार जसजसा जड होतो, तसतसा शरीर आणि बार यांचा मिळून होणारा गुरुत्वमध्य बारकडे सरकतो, आणि म्हणूनच रिकाम्या बारने खपून जाणारा दोष ४० किलोला उघडा पडतो. मोबाइल कमरेच्या उंचीवर, बरोबर बाजूला ठेवून एका सेटचा व्हिडिओ घ्या आणि फक्त बारच्या टोकाकडे पाहा. ते साधारणपणे बुटाच्या नाडीच्या गाठीवर राहून सरळ उभ्या रेषेत खाली-वर झाले पाहिजे. तुमच्या बाबतीत ते खाली जाताना चवड्यांकडे सरकत असणार.

आता गुडघ्यांविषयी. ट्रेनरचा हेतू चांगला असला तरी या सूचनेशी मी सहमत नाही. गुडघा जबरदस्तीने मागे रोखला की नितंब तितकेच मागे जातात आणि तोल सांभाळण्यासाठी धड पुढे झुकवावेच लागते. मग मांड्यांनी पेलायचा भार खुबा आणि कंबर यांच्यावर येतो. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नडगीपुढे फळी उभी करून गुडघे असे रोखले, तेव्हा गुडघ्यावरचा पीळ (टॉर्क, म्हणजे सांधा वळवू पाहणारा जोर) सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झाला, खुब्यावरचा मात्र दसपटीहून अधिक वाढला. मांडीचे हाड लांब असलेल्या माणसाचा गुडघा बोटांपुढे जाणारच. पावले खांद्याएवढ्या अंतरावर ठेवा, चवडे थोडे बाहेर वळवा आणि गुडघा त्याच दिशेने पुढे जाऊ द्या. पाहायचे ते एवढेच की तो आत कोसळत नाही आणि टाच जमिनीवर राहते. गुडघ्याला आधीपासूनच दुखणे असेल तर मात्र प्रथम डॉक्टरांना दाखवा.

टाच टेकलेली राहण्यासाठी घोटा पुरेसा वाकला पाहिजे. टाचा टेकवून उकिडवे बसता येते का, ते पाहा. त्याहून नेमकी चाचणी अशी: अनवाणी उभे राहून अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. तो टेकत नसेल तर पोटऱ्यांचे ताण रोज द्या आणि तोवर टाचेखाली पातळ प्लेट ठेवून किंवा कडक टाचेचे वेटलिफ्टिंगचे बूट घालून सराव करा. धावण्याचे मऊ तळव्याचे बूट वापरत असाल तर ते आजच बदला, कारण वजनाखाली तो तळवा दबतो आणि पाऊल डगमगते. आणखी एक गोष्ट विचारावीशी वाटते: तुम्ही पूर्वी तालमीत किंवा घरी बैठका मारत होता का? देशी बैठकेत टाचा उचलून चवड्यांवर जाणे ही पद्धतच आहे आणि तिथे ते योग्यही आहे, पण पाठीवर बार असताना तीच सवय घात करते.

बार घेण्याकडे नवशिके फारसे लक्ष देत नाहीत. मानेच्या तळाशी हाताला एक टोकदार मणका लागतो. बार त्याच्यावर टेकवू नका, त्याच्या खाली, खांद्याची पाती जवळ ओढल्यावर जी मांसल उशी तयार होते तिच्यावर ठेवा. हातांनी बार पाठीत घट्ट ओढून धरा. बसण्यापूर्वी पोट, कुशी आणि कमरेचा मागचा भाग चहूबाजूंनी फुगेल असा खोल श्वास घ्या, पोट आवळा आणि वर येताना निम्म्याहून अधिक अंतर कापेपर्यंत तो सोडू नका. उच्च रक्तदाबाचा त्रास असल्यास असा श्वास रोखण्याआधी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे.

वर येताना छाती पडते, याचा अर्थ नितंब आधी उठतात आणि खांदे मागे राहतात. यावर मला सर्वांत उपयोगी वाटलेला उपाय म्हणजे ३० किलोवर उतरून, तळाशी दोन सेकंद थांबून केलेले स्क्वॉट. त्या थांब्यात भार टाच, अंगठ्याचा तळ आणि करंगळीचा तळ या तिन्ही ठिकाणी जाणवतो का, ते तपासा आणि मगच खांदे व नितंब एकाच वेगाने वर आणा. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत खुब्याची घडी गुडघ्याच्या वरच्या पातळीखाली जावी लागते; तुम्ही मात्र सध्या कंबर गोल होऊ लागते त्याच्या किंचित वरच थांबा.

आठवड्यातून दोनदा, पाच-पाच आवर्तनांचे तीन सेट पुरेत. व्हिडिओत बार सरळ दिसू लागला की दर खेपेस अडीच किलो वाढवा. मात्र वजन वाढवण्याआधी रॅकचे (बार ठेवण्याच्या उभ्या चौकटीचे) सुरक्षा-दांडे, म्हणजे उठता न आल्यास बार झेलणारे आडवे दांडे, तुमच्या तळाच्या स्थितीपेक्षा दोन बोटे खाली लावा आणि रिकाम्या बारने बसून ती उंची एकदा तपासून घ्या.